आधी ब्रेक, मग किल्ली

वाचकांच्या गाड्या, मिस्त्रींचा सल्ला

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमच्याकडे बाबांची 1998 ची मारुती 800 आहे. बाबा 2018 मध्ये गेले. तेव्हापासून गाडी इंदिरानगरच्या आमच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. सात वर्षांत कुणी तिला किल्लीसुद्धा लावलेली नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा आईने त्याला चहा पाजून परत पाठवलं. आता माझा मुलगा गाडी शिकतोय आणि त्याला आजोबांचीच गाडी हवी आहे. शेजारचे काका म्हणतात, नवी बॅटरी टाका, पाच लिटर पेट्रोल ओता, चोक ओढा आणि सेल्फ मारा, मारुती आहे, लागेलच. तसं करू का? की खरंच भंगारात द्यायची वेळ आली आहे?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : ताई, शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा आणि गाडीची किल्ली पंधरा दिवस आईंच्या देवघरात ठेवून द्या. मुलाच्या हाताला लागणार नाही अशी.

काका म्हणतात ते निम्मं खरं आहे. गाडी बहुतेक लागेल. 796 सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन फार सोशिक. पण लागल्यावर पुढे काय, ते काकांनी सांगितलेलं नाही. ते मी माझ्या खिशातून पैसे भरून शिकलोय.

मी पंधराव्या वर्षी गंजमाळला एका गॅरेजात लागलो. देवळाली कॅम्पात एका पारशी बाईंचा बंगला होता आणि बंगल्यात एक फियाट. बाई मुंबईहून हवापालटाला यायच्या, मधली चार वर्षं आल्याच नव्हत्या. उस्ताद मला म्हणाले, "तू पुढे हो, गाडी बघून ठेव, मी जेवून येतो." मी बघून ठेवायच्या ऐवजी चालू करून ठेवली. कार्बोरेटरमध्ये दोन झाकणं पेट्रोल ओतलं, बॅटरी लावली आणि गाडी धूर ओकत उठली. मला वाटलं, झालो मिस्त्री! स्टिअरिंगखालचा दांडा ओढून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. फाटकापाशी ब्रेकवर पाय दिला तर पाय सरळ खालच्या पत्र्याला जाऊन टेकला. फाटकाचा डावा खांब आडवा झाला. बाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "डीकरा, गाडी तो चाली!" उस्तादांनी त्या खांबाचे पैसे तीन महिने माझ्या पगारातून कापले.

तेव्हापासून उभ्या गाडीत माझा पहिला हात ब्रेकला जातो, इंजिनाला नंतर.

पण तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, भंगाराचा. त्याचं उत्तर इंजिनात नाही, पत्र्यात आहे. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. चारही पायपुसणी आणि त्यांच्याखालचा गालिचा उचला. पावसाळ्यात काचेच्या रबरातून पाणी झिरपून तिथे साठलेलं असतं. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा आणि बॉनेट उघडल्यावर पुढच्या शॉकअॅब्जॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं ती जागा, एवढ्या ठिकाणी दाबून बघा. पापुद्रे निघाले तर काही बिघडलं नाही, घासून रंग मारता येतो. दरवाजाखाली एखादं भोक निघालं तर वेल्डिंगने भरतं. शॉकअॅब्जॉर्बरच्या जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर मात्र आईंना दुसरा चहा टाकायला सांगा, भंगारवाल्याला या वेळी बसवून ठेवा. पोर्चमध्ये ताडपत्रीखाली होती म्हणताय, तेव्हा एवढी वाईट नसावी. आणि ती ताडपत्री आजच काढून टाका. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते, उघड्यावरची गाडी निदान वाळते तरी.

पत्रा धड असेल तर पुढचं वाचा.

हँडब्रेक ओढलेला आहे का बघा. बाबांना शिस्त असेल तर असणारच, आणि इथे शिस्तच नडते. सात वर्षांत मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमला आतून गंज चढतो आणि त्याला घासून चाक थांबवणारा लायनर त्यालाच चिकटून बसतो. अशा गाडीला टोचन लावून ओढली की चाक फिरत नाही, रस्त्यावर घासत जातं, किंवा लायनर आपल्या पट्टीवरून सुटून आत अडकतो. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा, बाकीच्या चाकांना दगड लावून एकेक चाक जॅकने उचला आणि हाताने फिरवा. उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड लावा, वीट लावू नका. वीट सांगून फुटत नाही. चाक जाम असेल तर मिस्त्री ड्रमच्या कडेने लाकडी किंवा रबरी हातोड्याने गोल ठोकत जाईल. घाईने घण घातला तर ड्रमला चीर जाते.

ड्रम उघडला की आतले व्हील सिलिंडर बघायचे, ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलतात ते. त्यातली रबरं सुकून ताठरतात आणि पहिल्यांदा पाय दिला की ऑइल लायनरवर येतं. चारही चाकांची रबरं, रबरी ब्रेक होज आणि मास्टर सिलिंडरचं किट एकदमच बदला, यात काटकसर नको. ब्रेक ऑइल तर पूर्ण काढायचं. ते हवेतलं पाणी पितं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्याच ऑइलात शंभराला पावणेचार भाग पाणी मुरलं की ही हद्द 140 अंशांवर येते. इंदिरानगरात याचा पत्ता लागत नाही. कसारा घाट उतरताना लागतो. सारखा ब्रेक दाबून ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय पत्र्याला टेकतो. देवळालीत माझ्यापुढे फाटकाचा खांब होता. घाटात काय असतं ते सांगायला नको.

आता इंजिन. त्याआधी एक विचारतो : सात वर्षांत पोर्चमध्ये कधी पाणी भरलं होतं का? 2 ऑगस्ट 2016 ला गोदावरी सराफ बाजारापर्यंत आली, तेव्हा पाण्यात बुडालेल्या दोन गाड्या माझ्याकडे सातपूरला आल्या होत्या. एकीच्या मालकाने किल्लीला हात लावला नव्हता, ती ऑइल बदलून, वाळवून, पंधरा दिवसांत रस्त्यावर आली. दुसऱ्याने पाणी ओसरल्या ओसरल्या सेल्फ मारला होता. सिलिंडरमधली हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला होता.

पाणी भरलं नसलं तरी किल्ली देवघरातच राहू द्या. सात वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल उतरून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाने धरतात. सेल्फला ताकद फार, अक्कल नाही. तो ओढतो आणि रिंग मोडते, नाहीतर सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा जातो. म्हणून तीनही स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा. प्लगच्या आसपासची धूळ आधी फुंकून घ्या, नाहीतर तीच आत जाईल. दोन दिवस तसंच मुरू द्या. लोणचं मुरवायला ठेवतो तसं, मधे झाकण उघडून बघायचं नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवायचं. या गाडीत पुलीच्या बोल्टपर्यंत पाना घालायला जागा कमी असते, म्हणून आम्ही एक युक्ती करायचो. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एकच चाक उचला, चौथा गिअर टाका आणि ते चाक गाडी पुढे जाताना फिरतं त्या दिशेने दोन्ही हातांनी फिरवा. प्लग काढलेले असले की इंजिन फिरतं आणि प्लगच्या भोकांतून फुस्स फुस्स ऐकू येतं. तो आवाज आला की आईंना बोलवा, त्यांनाही ऐकू द्या. नाही फिरलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. आठवड्यानेही हाललं नाही तर हेड खोलावं लागेल. ते काम गॅरेजातलं, पोर्चमधलं नव्हे.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल आणि फिल्टर काढून नवं भरा. 20डब्ल्यू-40 चं तीन लिटर ऑइल आणलं की पुरतं. आता बॅटरी नवी टाका. जुनीला चार्जिंग लावण्यात वेळ घालवू नका, सात वर्षं रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटा कायमच्या बसलेल्या असतात. नवी बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते का ते दुकानातच बघून घ्या. आणि आता, प्लग बाहेर ठेवून, कॉइलची वायर काढून, किल्ली देवघरातून आणा. दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. या वेळी इंजिनावर भार नसतो, त्यामुळे बेअरिंगांना इजा होत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत काकांचं ऐकाल तर सगळ्या मेहनतीवर पाणी. जुन्या पेट्रोलवर ताजं पाच लिटर ओतणं म्हणजे नासलेल्या दुधात ताजं दूध. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास ओळखीचा असतो, हा वार्निशसारखा येईल. ते सगळं काढायचं. टाकी खाली उतरवून आत टॉर्च मारून गंज बघायचा. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून पिवळा चिकटा धरलेला असतो, तो जेटच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. कार्बोरेटर खोलून क्लीनरने धुवायचा, हवेने फुंकायचा. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. इंधनाच्या रबरी नळ्याही सगळ्या बदला. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि 1998 चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळी गळली तर पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. पहिल्यांदा चालू करताना आम्ही टाकीतून पेट्रोल घेतच नाही. प्लास्टिकचा लहान कॅन खाली जमिनीवर, इंजिनापासून लांब ठेवतो आणि त्यातून नळी गाडीच्या फ्युएल पंपाला लावतो. गॅरेजात याला सलाइन लावणं म्हणतात. शेजारी वाळूची बादली ठेवायची आणि बघायला जमलेल्या मंडळींच्या विड्या विझवायच्या.

रेडिएटरमधलं तांबूस पाणी काढून नवा कूलंट भरा, होज पाइप बोटांनी दाबून बघा, कडक लागले किंवा चिरा दिसल्या तर बदला. इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा टायमिंगचा पट्टा रबराचा आहे. तो किलोमीटरने झिजतो तसा वयानेही मरतो, बाहेरून काळाभोर दिसला तरी फसू नका. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांच्या जुन्या पावत्या असतील, त्या टाकू नका. पट्टा शेवटचा कधी बदलला ते त्यांच्यावरच सापडेल. जुन्या लोकांनी पावतीमागे पेनने किलोमीटर लिहून ठेवलेले असतात.

मग प्लग लावा, चोक ओढा आणि सेल्फ मारा. पोर्चचं फाटक सताड उघडं हवं, धूर घरात जाता कामा नये. पहिली दोन-पाच मिनिटं निळसर धूर येईल, तो आपणच ओतलेल्या ऑइलचा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही किंवा खालून ठक-ठक आवाज आला तर लगेच बंद. पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालू ठेवून काटा बघा, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का ते बघा.

टायर चारही नवे, आणि पाचवा स्टेपनीचाही. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक फसतात. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, 2315 असेल तर 2015 सालचा तेविसावा आठवडा. तुमचे त्याच्याही आधीचे निघतील.

गाडी उठली की आपल्याकडे पहिली फेरी वणीला, देवीला. भावना मला कळते, पण नांदुरीचा घाट ही ब्रेक तपासायची जागा नव्हे. नारळ पोर्चमध्येच फोडा. पहिले आठ दिवस पहाटे कॉलनीतल्या कॉलनीत फिरवा. रोज परत आल्यावर गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी त्यावर थेंब कशाचे पडलेत ते बघा : काळा ऑइलचा, हिरवा कूलंटचा, आणि चाकापाशी पिवळसर दिसला तर तो ब्रेक ऑइलचा, गाडी जागची हलवायची नाही. पंधरा दिवस कोरडं वर्तमानपत्र मिळालं की देवीला जा.

कॉलनीच्या बाहेर पडण्याआधी कागद. गाडी बाबांच्या नावावर असेल, ती वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 भरावा लागतो. नोंदणीची पंधरा वर्षं 2013 मध्येच संपली, त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते राहिलं असणार. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि ती तिथे नेताना विमा हवा. नंबरप्लेटही नव्या पद्धतीची बसवावी लागेल. आधी विमा कंपनी आणि आरटीओ यांच्याकडे कागद घेऊन जा, रंगकाम आणि सीटकव्हर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट करतात. गाडी चकाचक होते आणि ब्रेकसाठी पैसे उरत नाहीत.

आणि एक. मुलाला पहिल्या दिवसापासून मिस्त्रीच्या शेजारी उभं करा. पाना धरू द्या, हात काळे होऊ द्या.


प्रश्न : आम्ही दोघं पाच महिन्यांसाठी मुलीकडे परदेशी जात आहोत. गाडी 2022 ची, पेट्रोल. वॉचमन म्हणतो, रोज पाच मिनिटं चालू करून ठेवीन. त्याला किल्ली द्यावी का?
(एक निवृत्त शिक्षक, कॉलेज रोड)

उत्तर : सर, देऊ नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये ओल धरते, आणि सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी भरूनही निघत नाही. कुणी विश्वासाचं माणूस पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवणार असेल तर उत्तम. ते जमणार नसेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. टायरमध्ये चार-पाच पौंड हवा जास्त ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये उभी करा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. आतली बिस्किटं, चॉकलेटं, नातवाने सीटखाली सांडलेला चिवडा, सगळं झाडून काढा. का, ते खालच्या प्रश्नात.


प्रश्न : मिस्त्रीदादा, आमच्या मळ्यात शेडमध्ये गाडी असते. उंदरांनी दोन वर्षांत तीनदा वायरिंग कुरतडलं. गोळ्या, तंबाखू, फवारे, सगळं झालं. कायमचा उपाय सांगा.
(एक शेतकरी, मखमलाबाद)

उत्तर : दादा, कायमचा उपाय सापडला असता तर मी गॅरेज बंद करून हे सदर लिहीत बसलो नसतो. मळ्यातली द्राक्षं सोडून वायर कुरतडणारा प्राणी, त्याला काय म्हणावं! पण तो वायर पोटासाठी खात नाही. त्याचे दात सतत वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी चावावंच लागतं. तंबाखूचा वास पहिले चार दिवस त्रास देतो, मग सवय होते, माणसासारखीच.

शेडमध्ये गाडीशेजारी धान्याची पोती, पेंड किंवा चाळीतला उरलेला कांदा असेल तर आधी ते हलवा. रात्री बॉनेट उघडं ठेवा आणि आत एक लहान दिवा लावा. उंदराला अंधारी, उबदार, बंद जागा लागते, उजेडात तो घर करत नाही. मुख्य वायरिंगवर लोखंडी जाळीची नळी चढवून घ्या. एअर फिल्टरचा डबा आठवड्याला एकदा उघडून बघा. एकदा मी तो उघडला तर आत सीटचा स्पंज, कांद्याची सालं आणि सत्यनारायणाच्या पत्रिकेचा चुरा यांचं सुरेख घर निघालं, सहा पिल्लांसकट. सायलेन्सरच्या वर असं घर झालं तर त्याला आग लागते, म्हणून जास्त दिवस उभी राहिलेली गाडी चालू करण्याआधी वाकून खाली बघून घ्या.

विष मात्र गाडीत ठेवू नका. एका गिऱ्हाइकाने ठेवलं होतं. उंदीर मेला, पण डॅशबोर्डच्या आत हीटरच्या नळीत जाऊन मेला. तो काढायला आम्ही अख्खा डॅशबोर्ड खोलला, आणि तरीही ते गृहस्थ पुढचे तीन महिने लासलगावच्या बाजाराला चारही काचा खाली करून जात होते, ऐन डिसेंबरात, कानटोपी घालून.